शांता, बरोबर ना?

खैरनार सिस्टर माणूस भेटला की नमस्कार करत नाहीत. त्या खाली वाकतात, समोरच्याच्या नडगीवर अंगठा ठेवतात आणि दाबतात. मग अंगठा काढून त्या खळग्याकडे बघत राहतात. खळगा लगेच भरून आला तर म्हणतात, "छान." नाही भरला तर काहीच म्हणत नाहीत. आमच्या हॉस्पिटलमध्ये सगळे त्या काहीच न म्हणण्याला घाबरतात.

आता पेशंटची नडगी दाबणं समजू शकतं. अंगात पाणी साठलंय का, सूज किती आहे, हे असंच बघतात. पण सिस्टर लिफ्टमनची दाबतात. औषध कंपनीच्या टाय लावलेल्या माणसाची दाबतात. हॉस्पिटलच्या गणपतीला आरतीसाठी आलेल्या एका पुढाऱ्याचीही त्यांनी दाबली होती. पुढाऱ्याला वाटलं, बाई पाया पडतेय. त्याने भरघोस आशीर्वाद दिला.

गेटवरच्या चहावाल्या अण्णांची नडगी त्यांनी एकदा दाबली आणि एक शब्द न बोलता त्यांच्या बायकोचा फोन नंबर मागितला. अण्णा हसले. "सिस्टर, बायको माझी, नंबर तुम्हाला कशाला?" पाचव्या दिवशी अण्णा आमच्याच वॉर्डात चार नंबरच्या कॉटवर उशांना टेकून श्वासासाठी धडपडत होते आणि त्यांच्या बायकोला फोन सिस्टरच करत होत्या. अण्णा बरे होऊन घरी गेले. पण तेव्हापासून सिस्टर लांबून येताना दिसल्या की गेटवरची माणसं पाय बाकाखाली ओढून घेतात.

मी आहेर. मूळचा देवळ्याचा, पेशाने नर्स, आणि पुरुष असल्यामुळे ब्रदर. नाशिकच्या एका हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर पुरुषांचा वॉर्ड आहे, तिथे मी सिस्टरच्या हाताखाली दीड वर्ष काढलं. आमच्याकडे कांद्याच्या लिलावात ट्रॅक्टरभर मालाचा सौदा डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो. मीही त्याच मातीतला. दहा इंजेक्शनं दहा मिनिटांत, ही माझी ख्याती. आणि माझी गाठ पडली ती एका इंजेक्शनला दहा मिनिटं लावणाऱ्या बाईशी.

सगळ्या इंजेक्शनांना नाही, एकाच. हृदय किंवा किडनी थकली की अंगात पाणी भरतं, पाय सुजतात, श्वास लागतो. मग शिरेतून औषध देऊन ते पाणी लघवीवाटे बाहेर काढतात. वॉर्डात आम्ही त्याला पाणी काढायचं इंजेक्शन म्हणतो. रोज दिलं जातं. मी एकदा म्हणालोही, "सिस्टर, इतकं साधं तर औषध आहे."

"साधं?" सिस्टर म्हणाल्या. "आहेर, पाणी कधी एकटं जात नाही. जाताना कुणाला तरी बरोबर घेऊन जातं."

हे वाक्य भर दुपारी, पंख्याच्या घरघरीत, कॉटच्या उशाशी उभं राहून हलक्या आवाजात म्हटलं की काय होतं ते त्या कॉटवरच्या माणसाला विचारा. त्यांना म्हणायचं असायचं ते एवढंच, की पाण्याबरोबर अंगातले क्षारही जातात, पोटॅशियम उतरलं की हृदयाचा ताल चुकतो, म्हणून आधी रक्ताचा रिपोर्ट बघायचा, बीपी बघायचं, मग सुईला हात लावायचा. पण एवढं सगळं त्या बोलायच्या नाहीत. पहिलं वाक्य टाकून रिपोर्ट शोधायला निघून जायच्या. इकडे पेशंट बायकोचा हात घट्ट धरून बसलेला.

दुसरं म्हणजे चपला. हे इंजेक्शन घेतलेल्या माणसाला लघवीची घाई होते आणि म्हातारी माणसं त्या घाईत पडतात. म्हणून सिस्टर आधीच त्याच्या चपला कॉटखालून काढून, बाथरूमकडे तोंड करून, नीट जोडीने मांडून ठेवायच्या. सकाळच्या डोसानंतर वॉर्डात शिरलात तर कॉटांवर माणसं झोपलेली आणि खाली सात-आठ जोड चपला एकाच दिशेला निघालेल्या. मी दीड वर्षात त्याला सरावलो नाही.

आणि तिसरं म्हणजे कान. इंजेक्शन देताना सिस्टर घड्याळावर नजर ठेवून पिस्टन मुंगीच्या चालीने ढकलायच्या आणि मिनिटामिनिटाला पेशंटच्या कानाशी वाकून विचारायच्या, "काही वाजतंय का? शिट्टी? घंटा? कुणी लांबून हाक मारल्यासारखं?" हे औषध फार जोरात गेलं तर कानाला बाधतं, हे आम्हाला ठाऊक. पेशंटला कुठलं ठाऊक! पेठहून आलेला एक म्हातारा एकदा म्हणाला, "वाजते बाई. घंटा वाजते." सिस्टरचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. हात जागच्या जागी थांबला. मी खिडकीतून बघितलं, खाली कुल्फीची गाडी चालली होती. ते सांगितलं तरी त्यांचा हात पुढची पाच मिनिटं हलला नाही. त्या म्हाताऱ्याने मुलाला बोलावून सांगितलं, "ही बाई भगताच्या घरची आहे. हिला चिडवू नको."

इथवर ठीक होतं. विक्षिप्त बाई, म्हणून आम्ही चालवून घेत होतो. पण स्टुलाचं काय करणार?

वॉर्डाच्या टोकाला औषधांची खोली आहे. तिथे टेबलाच्या उजव्या बाजूला एक लोखंडी स्टूल असायचं. नियम असा, की असली इंजेक्शनं दोघांनी तपासायची. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बघून बरोबर म्हणायचं. दुपारी दोन ते चार मात्र दुसरं माणूस नसायचं. म्हणजे मी असायचो, पण जेवायला गेलेलो, आणि माझं जेवण वॉर्डात प्रसिद्ध होतं.

एके दिवशी डबा विसरलो म्हणून परत आलो. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. सिस्टर इंजेक्शनची कुपी उजेडात धरून वाचत होत्या. पेशंटचं नाव, औषध, किती, किती वेळात. मग मान उजवीकडे वळवून रिकाम्या स्टुलाला म्हणाल्या, "शांता, बरोबर ना?"

आणि थांबल्या. समोरच्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढ्या. मग "हं" म्हणाल्या आणि कुपी फोडली.

मी त्या दिवशी जेवलो नाही.

शांता कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला माहीत होतं. कुणी म्हणे, पूर्वी याच मजल्यावर गेलेली नर्स. कुणी म्हणे, पेशंट. झाडूपोछा करणाऱ्या मावशींनी तर प्रश्नच मिटवून टाकला होता. फरशी पुसताना स्टुलापाशी आल्या की म्हणायच्या, "जरा पाय उचल गं बाई." त्या स्टुलावर कुणी बसत नसे. एकदा चुकून मी त्यावर औषधांचं खोकं ठेवलं तर सिस्टरनी ते उचलून शांतपणे माझ्या हातात दिलं. मला मात्र उगाचच सॉरी म्हणावंसं वाटलं, आणि ते नेमकं कुणाला म्हणायचं ते कळेना.

शेवटी एका पेशंटच्या जावयाने तक्रार केली. लेखी. आमच्या सासऱ्यांना इंजेक्शन देण्याआधी इथल्या सिस्टर भुताची परवानगी घेतात. मेट्रन गांगुर्डे मॅडमनी मला बोलावून घेतलं.

"आहेर, एक आठवडा नीट बघा आणि जे दिसेल ते लिहून आणा. तुमच्या कागदावर ठरेल. त्यांना वॉर्डात ठेवायचं, की कपड्यांच्या स्टोअरला पाठवायचं."

सिस्टरच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. कपड्यांचं स्टोअर तळघरात आहे. तिथे चादरी आणि उशीचे अभ्रे. दोन वर्षं त्या अंधाऱ्या खोलीत, आणि चादरीला नडगी नसते. खोटं कशाला बोलू, मला आधी थोडं बरंच वाटलं. आता कामं भराभर होतील, असं वाटलं.

मी वही केली. 'सोमवार. रिकाम्या स्टुलाशी बोलल्या, तीन वेळा.' 'मंगळवार. दोन वेळा. एकदा हसल्या.' त्या एखाद्याने गंमत सांगितल्यावर हसावं तशा हसल्या होत्या. बुधवार-गुरुवार त्यांची रजा होती. ते दोन दिवस वॉर्ड माझ्या हातात होता, आणि मी तो देवळ्याच्या वेगाने चालवला.

मंगळवारी काशिनाथबाबा दाखल झाले होते. इगतपुरीचे, उभा जन्म रेल्वेच्या रुळांवर काम केलेले. पाय इतके सुजलेले की चपलेत मावत नव्हते, अनवाणीच आले. इंजेक्शन सुरू झालं आणि पहिल्या दिवशी भांडी भरभरून लघवी झाली. बुधवारी त्यांची बायको हौसाबाई घरून कपडे-लत्ते, चपला घेऊन आली आणि कॉटपाशी मुक्कामाला राहिली. आणि बुधवारपासून बाबांची लघवी आटली. मी दर वेळी जाऊन बघायचो, कॉटखालचं भांडं कोरडं. मी कागदावर शून्य लिहायचो. वजन करायचं असतं रोज सकाळी, पण काटा दुसऱ्या वॉर्डात नेलेला होता. उद्या करू म्हटलं.

शुक्रवारी राऊंडला डॉक्टरांनी माझा कागद बघितला. "पाणी निघतच नाहीये. डोस दुप्पट करा." आणि ते ओपीडीला गेले.

दुपारी सिस्टर ड्युटीवर आल्या. औषधांच्या खोलीत मी त्यांच्या मागेच उभा होतो, वही खिशात. सिस्टरनी वाचलं. काशिनाथबाबांचं नाव, औषध, दुप्पट डोस, दोन दिवस लघवी शून्य. मग मान वळवली. "शांता, बरोबर ना?"

थांबल्या. नेहमीपेक्षा जास्त. बाहेर कुणीतरी खोकलं, ते थांबलं. पंखा फिरत होता, पण मला त्याचाही आवाज येईना. सिस्टर स्टुलाकडे बघत होत्या आणि मी, देवाशपथ सांगतो, स्टुलाकडे बघायचं टाळत होतो.

सिस्टरनी कुपी न फोडताच ट्रेमध्ये ठेवली.

"शांता नाही म्हणतेय," त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारून निघून गेल्या. त्या खोलीत एकटं राहण्यापेक्षा मी त्यांच्या मागे धावलो.

काशिनाथबाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. सिस्टरनी नडगी दाबली. खळगा लगेच भरून आला. पण त्या छान म्हणाल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाणी निघालं नाही म्हणतोस. मग सूज कुठे गेली?"

त्यांनी बाबांची जीभ बघितली, कोरडी ठणठणीत. झोपून बीपी घेतलं, मग बसवून घेतलं. बसवल्याबरोबर बाबा कॉटचा कठडा धरून म्हणाले, "सिस्टर, डोळ्याम्होरं अंधारी येती हो. पायात गोळे बी लय येत्यात."

सिस्टर वाकल्या आणि कॉटखालचं भांडं बाहेर काढलं. ते चकचकत होतं. आमच्या हॉस्पिटलात इतकं स्वच्छ भांडं मी कधी बघितलं नव्हतं. "हे कुणी घासलं?" त्यांनी विचारलं.

हौसाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. "म्या."

"कधीपासून?"

"आल्यापासून. तुमी मला लेकीवानी. हे ब्रदर तर नातजावयाच्या वयाचे. त्यांनी माज्या मालकाचं मूत उचलायचं व्हय? मला नाय बगवायचं. म्हून त्यांचं झालं की लगेच नेऊन वतायची, राखुंडीनं घासायची, आन् परत ठिवायची." मग आमचे चेहरे बघून घाबरली. "काय चुकलं का वं माजं?"

"तुमचं नाही चुकलं, आजी," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

सांगायचं होतं ते मी. दोन दिवस त्या माणसाचं पाणी धो धो निघत होतं आणि मी शून्यावर शून्य मांडत होतो. मी हौसाबाईला एकदाही विचारलं नव्हतं. डॉक्टर धावत आले, डोस रद्द केला, रक्त पाठवलं. पोटॅशियम चांगलंच खाली गेलं होतं. दुप्पट इंजेक्शन आणखी गेलं असतं तर काय झालं असतं, ते डॉक्टर बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. ते भरून काढायला पुढचे दोन दिवस गेले. बाबा वाचले.

संध्याकाळी ट्रॉली पुसताना मी धीर करून विचारलं, "सिस्टर, शांताला कसं कळलं?"

"मोठ्याने वाचलं की आपलं आपल्याला ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "येताना बाबा पॅसेजमध्ये दिसले. पायात चपला होत्या. मंगळवारी मावत नव्हत्या. शून्य वाचलं आणि त्या चपला आठवल्या." मग जरा वेळाने म्हणाल्या, "आणि शांता नाही म्हणाली."

पुढचं त्यांनी आपणहून सांगितलं, ट्रॉलीचा एकच कोपरा पुसत.

शांता त्यांची मोठी बहीण. आई लहानपणी गेली, शांतानेच यांना न्हाऊ-माखू घातलं, शिवणकाम करून नर्सिंगला घातलं. पुढे शांताची किडनी बिघडली. सिस्टर तेव्हा दुसऱ्या गावी एका छोट्या दवाखान्यात होत्या, तिथेच बहिणीला दाखल केलं. वॉर्ड भरलेला, हाताशी कुणी नाही. मोठा डोस होता. यांनी तो एका दमात ढकलला, कारण पुढचा पेशंट ओरडत होता. शांता म्हणाली, विमल, कानात घंटा वाजतेय गं. या हसून म्हणाल्या, देवळातली असेल. शांताचे कान गेले. दोन्ही, कायमचे.

"त्यानंतर अकरा वर्षं जगली," सिस्टर म्हणाल्या. "माझ्याचकडे. एका शब्दाने मला बोलली नाही. मी माफी मागितली ती तिला ऐकू आली नाही, कागदावर लिहिली तर तिने कागदाची घडी करून पोळपाटाखाली घातली, डुगडुगत होता म्हणून. आता गेली. मला वाटतं, गेल्यावर कान परत मिळत असतील."

त्या हे इतक्या सहज म्हणाल्या, की माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले.

मी मेट्रन मॅडमना सगळं लिहून दिलं. स्टूलही लिहिलं आणि माझी शून्यंही. मॅडमनी कागद दोनदा वाचला.

"त्या वॉर्डातच राहतील," त्या म्हणाल्या. "पण ते स्टूल आजच्या आज तिथून निघेल. तपासायला दुसरं माणूस पाहिजे, आणि ते जिवंत पाहिजे. ते तुम्ही. जेवण नंतर."

दुसऱ्या दिवशी सिस्टरची सुट्टी होती. वॉर्डात कुणाकडून तरी कळण्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून सकाळी अकराच्या सुमारास मी सिडकोत त्यांच्या घरी गेलो. दाराची बेल दाबली. आवाज आला नाही. पुन्हा दाबली. पडद्याआड एक लाल दिवा लागला आणि विझला. ती बेल वाजायची नाही, पेटायची. बहिणीसाठी तशी करून घेतली होती, ती तशीच ठेवलेली. आत टीव्ही चालू होता, बातम्या देणारी बाई ओठ हलवत होती, आवाज बंद.

दार उघडून सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. मग जी काही धांदल उडाली! "बस, बस. पोहे खाशील ना? चहा आधी टाकते. लाडू आहेत. थांब, सरबत करते." एका शेगडीवर दूध, दुसरीवर कढई, हातात लिंबू. दूध उतू गेलं. कांदा करपला. एका थेंबाची घाई न करणाऱ्या बाई अशा धावत होत्या, जणू मी ताटापर्यंत टिकणार नाही. त्या घरात शेवटचं कोण येऊन जेवून गेलं असेल, हा विचार मनात आला तेव्हा पुढ्यात करपलेले पोहे होते. मी ते सगळे संपवले.

मग मॅडमचा निर्णय सांगितला. वॉर्ड सांगितला, स्टूलही सांगितलं. सिस्टर बराच वेळ हातातल्या फडक्याची घडी घालत राहिल्या.

"बरोबर आहे नियम," त्या म्हणाल्या. "जिवंत माणूसच हवं."

मी निघालो तर त्या जिन्यापर्यंत आल्या. मी दोन पायऱ्या उतरल्यावर म्हणाल्या, "आहेर, खरं सांग. शांताला ते इंजेक्शन दिलं त्या दिवशी दुसरं माणूस म्हणून तू माझ्या शेजारी असतास, तर मला थांबवलं असतंस?"

"हो सिस्टर," मी म्हणालो. लगेच म्हणालो. आणि म्हणतानाच मला कळलं की हे खोटं आहे. मी असतो तर म्हणालो असतो, आटपा लवकर, पुढचा पेशंट ओरडतोय. मान वर केली तेव्हा दिसलं, त्यांनाही ते कळलं होतं. त्या रागावल्या नाहीत. कठड्यावरून जरा वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मग उद्यापासून थांबवत जा हं मला."